धाकटीनं सिनेमात तुझं काम केलं

आई, धाकटी माझ्या मागे लागली आहे आणि तिच्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. तिनं सिनेमात काम केलंय. थट्टा नाही, खरंच. एक तरुण डायरेक्टर नवरात्रात गावोगावची नाटकं पाहत फिरत होता, त्याला ती आवडली, आणि रिसोडकडच्या एका गावात शूटिंग झालं. सिनेमात ती एक आई आहे, आणि ती आई म्हणजे तू आहेस. नाव वेगळं, लुगड्याचा रंग वेगळा, घर दुसऱ्याचं, पण तू. आता त्यावरून पुण्याच्या लोकांनी तिला एका सिरियलसाठी बोलावलंय. जायचं तर अंगणवाडीतलं मदतनिसाचं काम सोडावं लागेल, पोराला सासूजवळ ठेवावं लागेल, आणि तिकडं नाही जमलं तर परत येऊन गावाच्या तोंडाला तोंड द्यावं लागेल. तिचा नवरा भला माणूस आहे. तो म्हणतो, ‘तुही ताई म्हणन तसं. सिनेमातलं तिले समजते.’ म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात. ती रोज फोन करते, ‘ताई, मले मस्का नको लावू. काम जमलं का नाही, तेवढंच सांग.’ आणि मी, जी ब्लाऊजचं माप घेता घेता अख्ख्या मालेगावच्या बायांना कोणती सिरियल पाहावी आणि कोणती नाही ते सांगते, ती मी म्हणते, ‘अवं, दूध उतू जाऊन राह्यलं, मंग करतो फोन.’ काल एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या मी एकाच हाताच्या कापल्या. इतकी वर्षं मशीनवर बसते, असं कधी झालं नव्हतं. ती बाई ब्लाऊज न्यायला येईल तेव्हा काय सांगू? सिनेमा पाहिला म्हणून?

ही पारख तुझ्यामुळे लागली, म्हणून तक्रारही तुझ्याकडेच. मेडशीचं आपलं घर, दिवेलागण झालेली, खाली ओल्या पोत्यावर सांबाराचा, हिरव्यागार कोथिंबिरीचा ढीग. सकाळच्या पहिल्या एसटीनं तो सांबार मालेगावच्या बाजारात जायचा, म्हणून आपण तिघी जुड्या बांधत बसायचो आणि समोर फळीवर टीव्ही चालू असायचा. तू टीव्ही पाहते आहेस असं कोणाला वाटलंच नसतं. मान खाली, बोटं चालू. पण एखादा सीन खरा निघाला की तुझे हात थांबायचे, जुडी अर्धी बांधलेली राहायची. खोटा निघाला की जुड्या भराभर पडायच्या आणि तोंडही चालू व्हायचं. ‘घागर रिकामी हाय तिची. कंबर सांगून राह्यली.’ ‘चुलीपुढं बसली अन् डोये पांढरेशिप्पट. फुकनी फुकली का कधी?’ ‘झोपीतून उठली तं टिकली जागची हालली नाही बाप्पा.’ बाबा वैतागायचे. म्हणायचे, ‘एवढं खोटं हाय तं पाह्यतं कायले मंग?’ तू म्हणायचीस, ‘खरंच पाहाचं असन तं घरी काय कमी हाय? मज्या येऊन राह्यली म्हणून पाह्यतो.’

मला तेव्हा हे चमत्कारिक वाटायचं. आता कळतं की तू तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवत होतीस. खरं वाटलं का, ही एक. काम जमलं का, ही दुसरी. आणि आपला वेळ बरा गेला का, ही तिसरी. पहिलीत नापास झालेल्याला तू तिसरीत खुशाल पास करायचीस. ती एक नणंद होती बघ, घरातसुद्धा उंच टाचांच्या चपला घालून फिरायची आणि स्वतःशीच मोठ्यानं बोलून सगळे डाव सांगून टाकायची. तिच्यातलं काहीही खरं नव्हतं. पण तिची फजिती व्हायची होती त्या दिवशी आपली केबल गेली, तर तू सांबाराचं पोतं उचलून शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसलीस. आणि एकदा तो बक्षीस मिळालेला सिनेमा लागला होता, पाऊस नाही, गुरं हडकलेली, माणसं गप्प. तू बराच वेळ पाहिलास. मग म्हणालीस, ‘खरं हाय. काम बी चांगलं करून राह्यले बंदे. पन माहा जीव कंटायला. बंद कर.’ आजही माझ्याकडं बाया येतात, फिटिंग होईपर्यंत भिंतीवरचा टीव्ही पाहतात आणि विचारतात, ‘ताई, हे पाहाव का?’ मी तुझ्याच तीन मापांनी सांगते. माझा शब्द चालतो गं इथं. म्हणून तर धाकटी अडून बसली आहे.

पण एका ठिकाणी तुझं माप मी तुलाच लावलं होतं, ते तुला आठवतं का? मी सातवी-आठवीत असेन. रिसोडची मोठी मावशी वारली, तुझी सख्खी मोठी बहीण, तुझी ‘बाई’. धाकटीला बाबांजवळ ठेवून तू मला घेऊन निघालीस. मालेगावहून जीप. जीपमध्ये तू चांगली होतीस. शेजारच्या बाईशी वांग्यावरच्या किडीबद्दल बोलत होतीस, मला फुटाणे घेऊन दिलेस, भाड्यावरून ड्रायव्हरशी हुज्जतही घातलीस. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी आपण उतरतो. तू पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतेस, दोन पावलं चालतेस आणि सूर लावतेस. ‘माह्ये बाई वं, माह्या वाटेकडं आता कोन पाहीन वं. दिवाईच्या दिवशी दारात कोन उभी राहीन वं.’ घरातून मावशीच्या सुना धावत येतात, तुझ्या गळ्यात पडतात, त्यांचा सूर तुझ्या सुरात मिसळतो. आपल्याकडं बाया अशाच रडतात, गळ्यात पडून, मेलेल्या माणसाची एकेक गोष्ट काढून, गाण्यासारखं. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण स्वतःच्या आईला तसं रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि मधेच, डोळे पुसता पुसता, तू पदराआडून चुलीकडं पाहिलंस आणि थोरल्या सुनेला अगदी साध्या आवाजात म्हणालीस, ‘लेकरायनं खाल्लं का काही? चा तं मांड.’ आणि पुन्हा सूर, जिथं सोडला होतास तिथूनच.

परतीच्या जीपमध्ये मी म्हटलं, ‘आई, तू सिरियलीतल्या बायांवानी रडली. खरी नाही रडली.’ दोघी-तिघींनी ऐकलं. तू मला मारलं नाहीस, मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू खिडकीतून बाहेर पाहत म्हणालीस, ‘मोठी पारखी झाली तू. आपली माय मरन तवा तू कशी रडतं, ते बी पाह्यतीन लोक.’ त्या संध्याकाळी जुड्या बांधल्या त्या टीव्ही बंद ठेवून.

आणि लोकांनी पाहिलं, आई. तू गेलीस त्या दुपारी मी एसटीत होते. फोन आला तेव्हा ‘आईले जास्त हाय, लवकर ये’ एवढंच सांगितलं होतं. तुझ्याजवळ धाकटी होती, शेवटचं पाणी तिनंच पाजलं. मी गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, माझा सूर ऐकायला. मी तोंड उघडलं आणि काही म्हणजे काही निघालं नाही. मी चपला काढल्या, आत गेले, रांजणात पाणी कमी दिसलं तर बादली घेऊन भरायला लागले. मागून एक काकू म्हणाली, ‘शिकेल बाई हाय ते. तिले नाही येत रडू.’ धाकटी मात्र रडली. तुझाच सूर, शब्दसुद्धा तुझेच, फक्त ‘बाई’च्या जागी ‘आई’. मी बादली हातात धरून ऐकत होते आणि त्या वेळीसुद्धा डोक्यात आलं, ही कुठं शिकली हे? बघ, माझी ही पारख कुठं म्हणून थांबत नाही.

आता सिनेमाचं सांगते. वाशीमच्या टॉकीजला लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो, तिची सासू, तिचा नवरा, पोरगा, मी, माझा नवरा. मी मुद्दाम कडेची खुर्ची घेतली. सुरुवातीला मी नेहमीसारखीच पाहत होते. घर चांगलं निवडलं होतं, भिंतीला लिंपण खरं होतं, नवऱ्याचं काम करणारा माणूस नको तिथं मिशीवर हात फिरवत होता. धाकटी मार्केट यार्डातल्या सीनमध्ये हसते, ते हसणं मला पटलं नाही, पोत्यांच्या थप्पीसमोर कोणी असं दात दाखवून हसत नाही. इथपर्यंत सगळं ठीक. मग तिची मोठी बहीण मरते. ती गल्लीच्या तोंडाशी उतरते, पदर पुढं ओढते, दोन पावलं चालते आणि तुझा सूर लावते. आणि मग, आई, ती पदराआडून चुलीकडं पाहते आणि म्हणते, ‘लेकरायनं खाल्लं का काही? चा तं मांड.’ माझ्या मागच्या रांगेत एक पोरगा म्हणाला, ‘लय ओव्हर करून राह्यली बे.’ पुढच्या रांगेतली एक म्हातारी मान हलवत ‘अस्संच, अस्संच’ म्हणत रडत होती. मोबाईलवरही लोकांनी तेच दोन तट पाडलेत. एकानं लिहिलंय, रडण्याचा प्रसंग नाटकी आहे, खऱ्या दुःखात कोणी चहाचं विचारत नाही. दुसऱ्यानं लिहिलंय, इतकं खरं कधी पाहिलं नाही. धाकटीनं दोन्ही मला फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाली, ‘आता सांग, कोनाचं खरं धरू?’

तिला वाटतं की ताईला काम आवडलं नाही आणि सांगायला जीभ उचलत नाही. माझी पंचाईत भलतीच आहे. धाकटीची बहीण काही मेलेली नव्हती. तिची बहीण म्हणजे मी, इथं मालेगावात लोकांचे फॉल-पिको करत बसले होते. समोर कॅमेरा, अंगावर दिवे, आणि तोच सीन परत परत करायला लावला म्हणे. तरी रडणं तेच निघालं, चुलीकडं पाहणं तेच निघालं. म्हणजे आत दुःख नसतानाही ते जसंच्या तसं करता येतं. मग रिसोडला जे झालं त्यात काय होतं? जीपमधलं माझं बोलणं बरोबर होतं का? इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घातली होती की मी पोरकट होते, मला कळलं नाही, रडण्याचीही रीत असते. आणि आता हा सिनेमा येऊन तोच प्रश्न पुन्हा माझ्या पुढ्यात टाकतो. झोप नाही, शिवणात लक्ष नाही, नवरा काही विचारतो तर मी खेकसते. धाकटीला ‘चांगलं केलं’ म्हणावं तर तुझं रडणं खोटं ठरतं असं वाटतं, आणि ‘खोटं वाटलं’ म्हणावं तर तिचं पुणं बुडतं. मेलीस तरी तू मला सुखानं टीव्ही पाहू देत नाहीस.

आज रविवार, ती स्वतःच आली. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, माप द्यायला आलेल्या नव्या नवरीसारखी. म्हणाली, ‘ताई, आज टायाटाय नको. उद्या पुण्याचा फोन येते. हो का नाही, सांगा लागते मले.’ मी मशीनवरून न उठता विचारलं, ‘रडनं कोठून आनलं तू?’

‘आईचं हाय.’

‘थे दिसलं मले. पन एवढं बारीक तू पाह्यलं कवा? मावशीच्या मौतीले तं तू बाबाजवळ घरीच होती.’

‘मौतीतलं नाही ते. वावरातलं हाय,’ ती म्हणाली. ‘तुहं लगन झालं तवापासून मीच जात होती आईसंगं सांबार उपटाले. सकायी सकायी धुऱ्याजवळच्या वाफ्यात बसली का हळूहळू मावशीले रडे ती. तोच सूर, तेच शब्द. हात चालू अन् तोंड चालू. तिले वाटे मले तिकून आयकू येत नाही. एक डाव म्या पुसलं, काहून रडतं वं आई? तं म्हणे, रडून नाही राह्यली, बाईसंगं बोलून राह्यली.’ मग म्हणाली, ‘मंग मधातच पदराआडून धुऱ्यावरच्या चुलीकडं पाहे अन् मले म्हणे, भाकर खाल्ली का तुनं? चा तं मांड.’

मी मशीनच्या पायट्यावरून पाय काढला. माझ्या लग्नापर्यंत मावशीला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. रडायला कोणी आलेलं नाही, पाहायला कोणी नाही, गल्ली नाही, सुना नाहीत, नुसता सांबाराचा वाफा आणि तू. मला तुझा राग आला आणि तुझी मायाही आली, दोन्ही एकाच वेळी. राग यासाठी की त्या जीपमध्ये तू मला एवढं सांगू शकली असतीस. पण तू कशाला सांगशील. आणि ते चहाचं विचारणं, तेही खरंच होतं की. मावशीची नातवंडं सकाळपासून उपाशीच बसलेली होती, मी पाहिली होती त्यांना, आणि तेवढ्या रडण्यात त्यांची भूक फक्त तुला दिसली होती.

‘बोल ना वं,’ धाकटी म्हणाली. मग मी बोलले. सांगितलं, ‘मार्केटातलं हासनं खोटं होतं तुहं. नवऱ्यासंगं भांडली, तवा बी तू कॅमेरा कोठी हाय ते पाहून राह्यली होती.’ तिनं मान हलवली, तिला ते माहीत होतं. ‘अन् रडनं?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘त्याचं मले नाही सांगता येत. मले तुहं काम दिसलंच नाही. मले आई दिसली.’ तिनं पर्स मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, ‘हे चांगलं म्हनून राह्यली का वाईट?’ मी म्हटलं, ‘चांगलं. जाय तू पुण्याले. पन आई तिथं रोज रोज कामी पडनार नाही. दुसऱ्या बाया शिकाव लागतीन तुले.’ ती म्हणाली, ‘थे समजते मले. त्याचंच तं भेव वाटते.’ आणि पहिल्यांदा हसली, सिनेमातल्यापेक्षा पुष्कळ बरं. जाईल ती. तिचं पोरगं शनिवार-रविवार मी इकडं आणत जाईन, असं आमचं ठरलंय.

ती गेल्यावर मी दार ओढून घेतलं आणि हे लिहायला बसले. तुला पत्र लिहून कुठं टाकायचं हे काही मला सुचलेलं नाही, आणि टाकायचंही नाही. पण आणखी एक आहे, ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सिनेमाच्या शेवटी ती आई मरते. टॉकीजमध्ये ती खाटेवर आडवी झाली, लेकीनं तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि मी उठून बाहेर आले. आतल्या लोकांना वाटलं, बाथरूमला गेली. सिनेमा आता मोबाईलवरही आलाय, मी तीनदा लावला, आणि तीनही वेळा त्याच जागी बंद केला. खालची लाल रेघ तिथंच थांबून आहे, थोडीशीच उरलेली.

आज दारातून निघताना धाकटी चपला घालता घालता वळली. म्हणाली, ‘ताई, अन् आखरीचा सीन? आई गेली तवा तू नव्हती. तुले कोनी नीट सांगतलं बी नाही, तू पुसलं बी नाही. म्हून म्या तो जसा झाला तसाच केला. तुह्यासाठीच केला.’

मी तिला म्हटलं, ‘एकदम खरा झाला.’

आई, मी तो अजून पाहिलेला नाही.